लिक्विड कूलर गोंगाट करतोय? रेडिएटरचे फॅन असे निवडा

कॉम्प्युटरच्या लिक्विड कूलरमधलं पाणी प्रोसेसरची उष्णता फक्त वाहून नेतं. ती खोलीत सोडायचं काम शेवटी फॅनलाच करावं लागतं. त्यामुळे साधा कूलर काढून २४० मिमीचा एआयओ (पंप, नळ्या आणि रेडिएटर जोडूनच येणारा बंद लिक्विड कूलर) बसवला तरी आवाज आपोआप कमी होत नाही. उलट पंपाची एक नवी गुणगुण त्यात येऊन मिळते. मग फॅन बदलायचं ठरतं, दुकानात खोक्यावरचा सर्वांत कमी डेसिबलचा आकडा बघून जोडी उचलली जाते आणि घरी बसवल्यावर फारसा फरक जाणवत नाही. रेडिएटर शांत होतो तो हळू फिरतानाही रेडिएटरच्या फिनमधून, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांमधून, हवा ढकलू शकणाऱ्या फॅनमुळे, आणि त्याला हळू फिरू देणाऱ्या सेटिंगमुळे. सेटिंग फुकट आहे, म्हणून खिशात हात घालण्याआधी तिथून सुरुवात करायची.

खाली उदाहरणाला एक नेहमीची जुळणी धरली आहे: कॅबिनेटच्या छताला २४० मिमीचा, २७ मिमी जाडीचा रेडिएटर, त्याखाली १२० मिमीचे दोन फॅन आणि रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर.

आधी आवाज कुणाचा ते ओळखा

खोलीचा पंखा बंद करा, दार लावा आणि कॉम्प्युटर दहा मिनिटं नुसता चालू ठेवा. मग बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून) किंवा विंडोजवरच्या ‘फॅन कंट्रोल’ या मोफत सॉफ्टवेअरमधून रेडिएटरचे फॅन अर्धा मिनिट किमान वेगावर आणा. पंपाला हात लावू नका, तो चालूच राहिला पाहिजे. आवाज तसाच राहिला तर दोष रेडिएटरच्या फॅनचा नाही. मग कॅबिनेटचे बाकीचे फॅन एकेक करून खाली आणत जा.

कानालाही बरंच कळतं. खळखळ किंवा बुडबुड ऐकू आली तर पंपात हवा अडकली आहे. एकाच पट्टीतली बारीक शीळ बहुतेक वेळा पंपाची असते. माउसने पान वरखाली करताना किंवा गेम सुरू होताच बदलणारी किरकिर ग्राफिक्स कार्डाच्या किंवा पॉवर सप्लायच्या कॉइलची असते. तिच्यावर फॅन बदलून काही होत नाही. ठरावीक लयीतली टिकटिक म्हणजे पात्याला वायर लागते आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. उरलेली घरघर आणि वाऱ्याचा सुसाट आवाज एवढाच आपला विषय.

फोनवर ध्वनीचा आलेख दाखवणारं एखादं ॲप घेतलं, अँड्रॉइडवर ‘स्पेक्ट्रॉइड’ चालेल, तर अंदाज पक्का करता येतो. पात्यांमुळे उठणारा सूर मोजायला सोपा आहे: आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) ६० ने भागा आणि पात्यांच्या संख्येने गुणा. नऊ पात्यांचा फॅन १२०० आरपीएमला १८० हर्ट्झवर गुणगुणतो, पाच पात्यांचा १०० हर्ट्झवर. आलेखातला सुळका वेग बदलल्यावर सरकला तर तो फॅनचा. जागचा हलला नाही तर पंपाकडे किंवा कॉइलकडे बघा. एका विशिष्ट वेगालाच उठून पुढे मावळला तर कॅबिनेटचा पत्रा थरथरतो आहे.

पंपात हवा असेल तर मांडणी तपासा. लूपमध्ये (पाण्याच्या बंद चक्रात) उरलेली थोडीशी हवा नेहमी सर्वांत उंच जागी जमते, म्हणून रेडिएटरची वरची टाकी पंपाच्या वर असली पाहिजे. छताला लावलेल्या रेडिएटरमध्ये हे आपोआप साधतं. समोर उभा लावला असेल तर नळ्या पुरत असल्यास त्या खालच्या बाजूला घ्या. कॅबिनेटच्या तळाशी लावलेला रेडिएटर मात्र हवा थेट पंपात पाठवतो. तिथून तो हलवाच. शीळ पंपाची असेल आणि पंपाचा वेग बदलता येत असेल तर तो ७०-८० टक्क्यांवर कायम ठेवून पाहा. तापमानात बहुधा एक-दोन अंशांचाच फरक पडतो. पंपाला चढउताराचा कर्व्ह (कोणत्या तापमानाला किती वेग ते ठरवणारी सेटिंग) मात्र देऊ नका.

फॅन घेण्याआधी कर्व्ह

प्रोसेसरचं तापमान क्षणात उडी मारतं. ब्राउजर उघडला की ४५ वरून ७० आणि दोन सेकंदांत परत खाली. कूलंट, म्हणजे कूलरमधलं पाणी, तसा नाही. तो तापायला काही मिनिटं घेतो. फॅन थंड करतो कूलंटला, पण बहुतेक मदरबोर्ड त्याला नाचवतात प्रोसेसरच्या तापमानावर. दर क्लिकला फॅनने हुंदका दिल्यासारखं होतं ते यामुळेच, आणि त्या चढउताराचा कूलंटला काडीचा उपयोग नसतो. एकसारखा आवाज कान थोड्या वेळात विसरतात, सतत बदलणारा विसरत नाहीत. त्यामुळे निम्म्या तक्रारी या टप्प्यावरच संपाव्यात.

एआयओमध्ये कूलंटचा सेन्सर असेल तर फॅनचा कर्व्ह त्याच्याशी जोडा. कूलंट ४० अंशांपर्यंत किमान वेग, ४५ ला ५० टक्के, ५० ला ७५ टक्के आणि ५५ ला पूर्ण वेग. बऱ्याच एआयओंची कूलंटची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते, म्हणून ५५ च्या पुढे कंजुषी नको. इथे परदेशी लेखांतले आकडे जसेच्या तसे उचलू नका. त्यांची खोली २१-२२ अंशांची असते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद खोली सहज ३६-३८ अंशांवर असते आणि कूलंट खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. ३२ अंशांपासून चढणारा कर्व्ह तिथे उन्हाळाभर ओरडत राहील.

सेन्सर नसेल तर प्रोसेसरच्या तापमानावरच काम भागवावं लागतं, पण उशीर घालून. फॅनच्या सेटिंगमध्ये वेग वाढण्याआधीचा आणि कमी होण्याआधीचा वेळ देता येतो. वाढायला दहा-बारा सेकंद आणि उतरायला वीस-तीस सेकंद ठेवा; बायोस तेवढं देत नसेल तर जास्तीत जास्त मिळेल ते. प्रोसेसर ६० अंशांपर्यंत ३५ टक्के सपाट, ७५ ला ५० टक्के, ८५ ला ७५ टक्के, ९० ला पूर्ण, हा सुरुवातीचा कर्व्ह ठीक आहे. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर मात्र जड कामात ९५ अंशांना जाऊन टेकतात, ती त्यांची रचनाच आहे. त्यांच्यासाठी हा कर्व्ह म्हणजे कायमचा पूर्ण वेग. तिथे वरची मर्यादा ६५-७० टक्क्यांवर कापा, किंवा इको मोड (प्रोसेसरची वीज कमी करणारी सेटिंग) लावून ६५ वॉटचा पर्याय निवडा. नाव ६५ चं असलं तरी त्यात प्रोसेसरला मिळणारी वीज ८८ वॉटवर अडते. दोन महागडे फॅन घेऊन जेवढा आवाज कमी होईल त्याहून जास्त या एका सेटिंगने होतो, आणि रोजच्या कामात वेग कमी झाल्याचं सहसा लक्षातही येत नाही.

किती हवा लागते?

५८००एक्सची वीजमर्यादा मुळात १४२ वॉट आहे. एवढी उष्णता हवेत सोडताना हवा ५ अंशांनी तापू दिली तर तासाला सुमारे ८५ घनमीटर हवा लागते. ७ अंशांनी तापू दिली तर सुमारे ६०. म्हणजे दोन फॅनमध्ये प्रत्येकी ३० ते ४२. चांगला १२० मिमी फॅन मोकळ्यावर पूर्ण वेगात शंभरच्या आसपास घनमीटर हवा हलवतो. रेडिएटरमधून त्यातला बराच भाग वजा होतो, तरीही १०००-१२०० आरपीएमला काम होण्यासारखं आहे. त्यापुढचा प्रत्येक शंभर आरपीएम तापमान थोडं उतरवतो आणि आवाज भरपूर चढवतो.

किती भरपूर? वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, दाब एक चतुर्थांश होतो आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १८०० वरून १२०० ला आलात तर जवळजवळ ९ डेसिबल, आणि १० डेसिबलचा फरक कानाला साधारण निम्म्या आवाजाएवढा वाटतो. याउलट सारख्याच वेगाचा दुसरा फॅन वाढवल्याने फक्त ३ डेसिबल वाढतात, एकाचे तीन केले तर सुमारे ५. थोड्या फॅनना पळवण्यापेक्षा जास्त फॅन सावकाश फिरवणं आवाजाच्या हिशेबात नेहमीच फायद्याचं.

म्हणूनच कूलर अजून घ्यायचा असेल तर २४० ऐवजी २८० चा विचार जरूर करा. १४० मिमीच्या दोन फॅनचं क्षेत्रफळ १२० च्या दोन फॅनपेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त आणि तीन फॅनच्या ३६० पेक्षा जेमतेम ९ टक्क्यांनी कमी भरतं. तिसरा फॅन नसतो, तेवढा एक आवाजही वाचतो. अडचण एकच: २८० बसणारी कॅबिनेट कमी मिळतात. मापं आधी बघा.

खोक्यावरचे आकडे वाचताना

डेसिबलच्या आकड्यावरून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना करू नका. एक कंपनी एक मीटरवरून मोजते, दुसरी अर्ध्या मीटरवरून; एवढ्यानेच ६ डेसिबलचा फरक पडतो. शिवाय मोजणी मोकळ्यावर टांगलेल्या फॅनची असते. रेडिएटरला चिकटवल्यावर त्याच फॅनचा सूर बदलतो.

हवेचा प्रवाह आणि स्टॅटिक प्रेशर हे दोन्ही आकडे टोकाचे आहेत. प्रवाहाचा आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा, दाबाचा आकडा हवा पूर्ण अडवलेली असतानाचा. रेडिएटरवरचा फॅन या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतो. नुसता दाबाचा आकडा फसवतो तो असा: नॉक्टुआ या फॅन कंपनीचा एनएफ-एफ१२ १५०० आरपीएमला २.६१ मिमी पाण्याचा दाब देतो, तर एनएफ-ए१२x२५ २००० आरपीएमला २.३४. कागदावर एफ१२ सरस. प्रत्यक्षात रेडिएटरवर, सारख्या आवाजाला, ए१२x२५ उजवा ठरतो, आणि खुद्द नॉक्टुआही त्यालाच वरचा मानते. पात्याचं टोक आणि चौकट यांमधली फट त्यात फक्त अर्धा मिमी आहे, त्यामुळे ढकललेली हवा कडेने मागे निसटत नाही, आणि मधल्या पट्ट्यात तो दम टिकवून धरतो.

म्हणून दाबाचा आकडा गाळणीसारखा वापरा, गुणपत्रिकेसारखा नव्हे. १२० मिमीच्या फॅनचा दाब दीड मिमीपेक्षा कमी असेल तर तो रेडिएटरसाठी सोडून द्या. नॉक्टुआचाच एनएफ-एस१२ए १.१९ मिमीचा आहे. कॅबिनेटमधली हवा बाहेर काढायला छान, दाट फिनपुढे मात्र हतबल. गाळणीतून पार झालेल्यांमधून निवडताना एकाच जुळणीवर, एकाच रेडिएटरवर, सारखा आवाज ठेवून तापमान मोजलेली चाचणी शोधा. सारख्या आरपीएमवर केलेली तुलना कुचकामी आहे, कारण आपल्याला आरपीएम ऐकू येत नाही.

किमान वेगाचा आकडा कुणी बघत नाही, आणि शांततेसाठी तोच मोलाचा. आर्क्टिकचा पी१२ पीडब्ल्यूएम २०० ते १८०० आरपीएममध्ये फिरतो. ३००० आरपीएमचे काही फॅन मात्र खाली ७००-८०० च्या आत येतच नाहीत, आणि इतक्या ताकदीच्या मोटारी हळू फिरताना कधीकधी टकटकतात. फॅन्टेक्स टी३० सारख्या फॅनमध्ये कमाल वेग बदलायचं बटण असतं: ३००० किंवा २०००, शिवाय १२०० चा एक संमिश्र मोड. असं बटण असेल तर ते बसवण्यापूर्वीच हवं तिथे करून घ्या. बसवल्यावर तिथे बोट पोचत नाही.

कोणता घ्यावा

हात सैल असेल तर ए१२x२५, किंवा १४० मिमीसाठी २०२४ मध्ये आलेला एनएफ-ए१४x२५ जी२. कॅबिनेटमध्ये जागा असेल तर ३० मिमी जाडीचा टी३०. तो मधल्या वेगात फार कमी आवाजात हवा ढकलतो. बजेट बेताचं असेल तर पी१२ पीडब्ल्यूएम पीएसटी, जो पाचच्या पॅकमध्येही मिळतो आणि एकमेकांना साखळीने जोडता येतो. पैशाच्या मानाने त्याच्याइतकं काम करणारे फॅन थोडेच. स्वस्त फॅनमध्ये एखाद्या वेगाच्या पट्ट्यात घुमण्याची शक्यता जास्त असते, पण तो पट्टा टाळता येतो. कसा ते पुढे आहे. पंधरा मिमीचे स्लिम फॅन जागेची खरीच अडचण असेल तरच घ्या. रेडिएटरवर ते लवकर धापा टाकतात.

बेअरिंग स्लीव्हचं नको, विशेषतः छताला आडव्या बसणाऱ्या फॅनसाठी. फ्लुइड डायनॅमिक किंवा त्याच जातीचं पाहा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर समोरासमोर घेत असाल तर फॅन हातात आडवा धरून पात्यांना हलकी फिरकी द्या. खरखर लागली तर दुसरा नग मागा.

दिव्यांच्या फॅनबद्दल एवढंच: त्यात मोटार, एलईडी आणि वायरी एकाच पोटात कोंबलेल्या असतात, आणि त्याच किमतीचा बिनदिव्यांचा फॅन बहुधा जास्त शांत निघतो. दिवे हवेच असतील तर एआरजीबी दिव्यांचा ५ व्होल्टचा तीन पिनी जोड १२ व्होल्टच्या चार पिनी आरजीबी हेडरमध्ये (मदरबोर्डवरच्या पिनांच्या जोडणीत) घुसवू नका. एलईडी जळतात.

मापं, जोड, स्क्रू

जाडीची बेरीज आधी करा. २७ मिमीचा रेडिएटर अधिक २५ मिमीचा फॅन म्हणजे ५२. आर्क्टिक लिक्विड फ्रीझरचा ३८ मिमीचा रेडिएटर असेल तर ६३, आणि त्यावर टी३० लावला तर ६८. छत आणि मदरबोर्डची वरची कड यांमधलं अंतर, तिथले हीटसिंक आणि उंच रॅम यांची मापं पट्टीने घ्या. अंदाज बहुतेक वेळा रॅमपाशी चुकतो.

सध्याच्या कूलरचे फॅन वेगळे निघतात का हेही बघा. काही एआयओंमध्ये दोन-तीन फॅन एकाच चौकटीत असतात, काहींत कंपनीचा स्वतःचा जोड आणि हब असतो. फॅन निघाले तरी नव्यांची वायर मदरबोर्डवर न्यावी लागते. हेडर सहसा एक ॲम्पियरचा असतो. ए१२x२५ ०.१४ ॲम्पियर घेतो, म्हणजे तीन फॅन एका स्प्लिटरवर बिनधास्त चालतात. दिव्यांचे किंवा ३००० आरपीएमचे फॅन असतील तर बेरीज करा. वेग कळवणारी वायर स्प्लिटरच्या एकाच फाट्यावर असावी, नाहीतर बायोस भलतेच आकडे दाखवतो. सीपीयू फॅनचा हेडर रिकामा ठेवला तर चालू होतानाच फॅनची चूक दाखवून कॉम्प्युटर अडू शकतो, म्हणून रेडिएटरचे फॅन तिथेच जोडा. तीन पिनी फॅन पीडब्ल्यूएम मोडवर (यात वेग चौथ्या पिनेवरून ठरतो) कायम पूर्ण वेगाने पळतो. त्याला बायोसमध्ये व्होल्टेजने वेग बदलणारा डीसी मोड द्यावा लागतो.

आता सर्वांत जपायची गोष्ट, स्क्रू. २५ मिमीच्या फॅनला बहुतेक एआयओ ६-३२ आट्यांचे ३० मिमी लांबीचे स्क्रू देतात, काही एम३ देतात. दोन्ही एकमेकांत जबरदस्तीने बसल्यासारखे वाटतात आणि आटे खातात. जुना स्क्रू काढा, लांबी मोजा, तोच वापरा. फॅन ३० मिमीचा असेल तर ३५ मिमीचे लागतील. काही फॅनचे कोपरे पोकळ असतात. तिथे डोकं चौकटीच्या आतल्या पट्टीवर टेकतं आणि लांब स्क्रू थेट रेडिएटरच्या नळीत घुसतो. मग कूलंट ग्राफिक्स कार्डावर. बसवण्याआधी रेडिएटरच्या भोकात बॅटरीचा उजेड टाकून खाली पत्रा आहे की नळी ते बघा, आणि सुटा फॅन स्क्रूवर धरून टोक किती बाहेर येतं ते मोजा. कोपऱ्याला रबर लावलंत तर तेवढे मिमी कमी पकडतील हेही ध्यानात घ्या.

बसवताना कॉम्प्युटर बंद, पॉवर सप्लायचा खटका बंद. फॅनच्या कडेवरचा बाण हवेची दिशा दाखवतो. बाण नसेल तर आधाराच्या दांड्या असलेल्या बाजूने हवा बाहेर पडते. चारही स्क्रू आधी निम्मे, मग कर्णरेषेत आलटून पालटून घट्ट करा. जोर मनगटाचा नको, बोटांचा पुरे. फॅन आणि रेडिएटर यांमध्ये फट राहू देऊ नका. हवा तिथून कडेने पळते.

फॅनने हवा ओढायच्या बाजूला अडथळा असेल तर आवाज जास्त होतो. छताला रेडिएटर, त्याखाली फॅन आणि हवा वर, ही मांडणी म्हणूनच बरी: फॅनचं तोंड मोकळ्या पोटाकडे राहतं. समोर लावताना फॅन जाळीला खेटून बसले तर घुमतात. पुढचं पॅनल काढून पाच मिनिटं ऐका. आवाज आणि तापमान दोन्ही उतरले तर नवे फॅन घेण्याआधी पॅनलचा विचार करा. जाळी आणि फॅन यांमध्ये काही मिमीचा स्पेसर टाकल्यानेही सूर मऊ होतो.

शेवटची जुळवणी

किमान वेगापासून सुरुवात करून दर वीस सेकंदांनी ५० आरपीएम वाढवत १६०० पर्यंत जा आणि घुमणारे पट्टे टिपून ठेवा. समजा ९५० ते १०५० मध्ये घरघर आली, तर कर्व्ह तिथे थांबेल अशी पायरी ठेवू नका: ९०० वर सपाट, मग सरळ ११००. छताचा पत्रा बोटाने दाबल्यावर घरघर थांबली तर दोष पत्र्याचा. रबर पट्टी तिथे लावा.

दोन फॅन जवळजवळ सारख्या वेगाने फिरले की आवाज लाटांसारखा चढतो-उतरतो. नऊ पात्यांचे फॅन १२०० आणि १२१२ वर असतील तर सेकंदाला जवळजवळ दोन लाटा. दोघांना वेगळ्या हेडरवर जोडून एकाला ५० आरपीएम कमी द्या, लाटा इतक्या जलद होतात की कानाला खुपत नाहीत. नॉक्टुआ ए१४x२५ जी२ ची जोडी याच कारणासाठी मुद्दाम थोड्या वेगळ्या वेगांची विकते.

मग अर्धा तास जड काम लावा; सिनेबेंच हे प्रोसेसरच्या चाचणीचं सॉफ्टवेअर सलग चालवलं तरी पुरे. कूलंट स्थिर व्हायला वीसेक मिनिटं जातात, पहिल्या पाच मिनिटांच्या आकड्यावर निकाल देऊ नका. कर्व्ह हिवाळ्यात बसवला असेल तर हीच चाचणी एप्रिलमध्ये पुन्हा करा.

सहा महिन्यांनी तापमान वाढलेलं दिसलं तर फॅनला दोष देण्याआधी तो काढून मागे बघा. धूळ फॅन आणि फिन यांच्या मध्ये नमद्यासारखी बसते, बाहेरून दिसत नाही. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा आणि हवा फिनच्या सरळ रेषेत सोडा. तिरकी मारली तर फिन वाकतात. कूलरबरोबर आलेले मूळ फॅन त्यांच्या स्क्रूसकट खोक्यात जपून ठेवा. पंप वॉरंटीत परत करायची वेळ आली तर पूर्ण संच मागितला जाऊ शकतो.